सारायेव्होहून आलेले गाणे, सारायेव्होहून आलेले गुण

15 मे 1993 रोजी आयर्लंडमधील मिलस्ट्रीट या गावातून प्रक्षेपित झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेचे चित्रमुद्रण हा या परीक्षणाचा विषय आहे. या स्पर्धेत प्रत्येक देश एक गाणे पाठवतो आणि इतर देशांच्या गाण्यांना गुण देतो. सुमारे तीन तासांच्या या कार्यक्रमात 25 देशांची 25 गाणी आहेत आणि त्यांतील बरीचशी आज कोणाला आठवत नाहीत, आठवण्याचे फारसे कारणही नाही. परंतु बोस्निया आणि हर्झगोव्हिना या जेमतेम एका वर्षाच्या स्वतंत्र देशाने त्या रात्री प्रथमच स्वतःच्या नावाने गाणे सादर केले. ते गाणे आणि त्यानंतर तासाभराने सारायेव्हो या त्याच देशाच्या राजधानीतून आलेला गुणदानाचा दूरध्वनी, या दोन गोष्टींसाठी हा कार्यक्रम आजही बसून पाहावा, असे माझे मत आहे. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. बोस्नियाच्या पदार्पणावर जे लिहिले जाते त्यात बहुधा गाण्याच्या करुणेवरच भर असतो, म्हणून दूरध्वनीविषयी येथे थोडे अधिक लिहिणार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण मुद्रणात ती कोणी सांगत नाही. युगोस्लाव्हियाच्या विघटनात बोस्नियाने 29 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1992 रोजी सार्वमत घेतले, 6 एप्रिलला युरोपीय समुदायाने त्याला मान्यता दिली आणि 22 मे रोजी तो देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. मान्यता मिळाली त्याच दिवसांत सारायेव्होभोवती वेढा पडला. शहराभोवतालच्या डोंगरांवरून तोफा आणि नेमबाज शहरावर मारा करत होते, आणि हा वेढा 29 फेब्रुवारी 1996 पर्यंत, म्हणजे 1,425 दिवस चालला. त्याला वीस वर्षे झाली तेव्हा, 6 एप्रिल 2012 रोजी, शहराच्या मुख्य रस्त्यावर मृतांच्या स्मरणार्थ 11,541 लाल खुर्च्या रिकाम्या मांडण्यात आल्या होत्या. मिलस्ट्रीटची स्पर्धा झाली तेव्हा वेढ्याला तेरा महिने झाले होते आणि तो आणखी किती काळ चालेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुद्रण पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी लागते, कारण पुढचा इतिहास आपल्याला माहीत असतो आणि रंगमंचावरच्या माणसांना तो माहीत नव्हता.

सारायेव्होला ही स्पर्धा नवखी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. युगोस्लाव्हियाने 1961 पासून भाग घेतला होता, 1989 मध्ये स्पर्धा जिंकली होती आणि 1990 मध्ये झाग्रेबला तिचे यजमानपद भूषवले होते. त्या काळात सारायेव्होचे दूरचित्रवाणी केंद्र इतर प्रजासत्ताकांच्या केंद्रांशी स्पर्धा करून आपली गाणी पुढे पाठवत असे. 1973 मध्ये युगोस्लाव्हियाच्या वतीने गायलेले झ्द्राव्को चोलिच सारायेव्होचेच, आणि 1976 मध्ये गेलेला ‘अंबासादोरी’ हा वाद्यवृंदही तिथलाच. त्यामुळे 1993 चे पदार्पण हे संगीत न जाणणाऱ्या एखाद्या प्रदेशाचे पहिले पाऊल नव्हते. चांगली परंपरा असलेल्या शहराला तिची सगळी साधने हिरावली गेल्यावर, नव्या नावाखाली आणि नव्या ध्वजाखाली पुन्हा दारात उभे राहावे लागले होते.

त्या वर्षी दारात गर्दीही बरीच होती. पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्यानंतर तिथल्या प्रक्षेपण संस्था 1993 च्या आरंभी, ही स्पर्धा भरवणाऱ्या युरोपीय प्रक्षेपण संघात आल्या, आणि स्लोव्हेनिया, क्रोएशिया व बोस्निया यांच्या संस्थाही तेव्हाच सदस्य झाल्या. सर्वांना एकाच वर्षी सामावून घेणे शक्य नसल्याने 3 एप्रिल 1993 रोजी स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथे पात्रता फेरी घेण्यात आली. सात देशांतून तीन निवडायचे होते. स्लोव्हेनियाला 54, बोस्नियाला 52 आणि क्रोएशियाला 51 गुण मिळाले, तर 50 गुण मिळवणारा स्लोव्हाकिया एका गुणाने मागे राहिला. एस्टोनिया, हंगेरी आणि रुमानिया त्याच्याही मागे होते. पुढे गेलेले तिन्ही देश जुन्या युगोस्लाव्हियातले असल्यामुळे या निकालाकडे संशयाने पाहणारे आजही आहेत. पहिल्या चार गाण्यांतले अंतर इतके कमी आहे की निकाल थोडा इकडचा तिकडे झाला असता तरी अन्याय झाला असे म्हणता आले नसते, मात्र बोस्नियाचे गाणे त्या सात गाण्यांत पहिल्या तिनांत बसण्याजोगे नव्हते असे ऐकणाऱ्याला वाटणार नाही.

सारायेव्होच्या दूरचित्रवाणी केंद्राने राष्ट्रीय निवड वेढ्यातच उरकली होती. खरी अडचण निवडीनंतर होती, कारण निवडलेल्या गायकाला शहराबाहेर काढायचे होते. शहर आणि बोस्नियन सैन्याच्या ताब्यातील बाहेरचा प्रदेश यांच्यामध्ये विमानतळाची धावपट्टी होती. विमानतळ 1992 च्या उन्हाळ्यापासून संयुक्त राष्ट्रांच्या दलाकडे होता. मदतीची विमाने तिथे उतरत, पण नागरिकांना धावपट्टी ओलांडण्याची मुभा नव्हती. रात्री पळत ती ओलांडणाऱ्यांवर नेमबाज गोळ्या झाडत आणि दलाच्या सैनिकांच्या हाती सापडलेल्यांना परत शहरात सोडले जाई. धावपट्टीखालचा प्रसिद्ध बोगदा तेव्हा अजून पूर्ण व्हायचा होता, तो जुलैच्या अखेरीस वापरात आला. गायक मुहामेद फाझलागिच, ज्यांना सगळे ‘फाझला’ म्हणून ओळखतात, आणि त्यांचे सहकारी याच धावपट्टीवरून धावत बाहेर पडले. मराठी वाचकाला येथे एक दुवा आठवेल. संयुक्त राष्ट्रांच्या या संरक्षण दलाचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नांबियार हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी होते आणि मार्च 1992 ते मार्च 1993 या काळात ही अतिशय अवघड जबाबदारी त्यांच्याकडे होती. फाझला आयर्लंडला पोहोचण्याच्या दोनेक महिने आधी त्यांचा कार्यकाळ संपला होता.

वाद्यवृंदाचे संचालक सिनान आलिमानोविच मात्र बाहेर पडू शकले नाहीत. 1993 मध्ये स्पर्धेतील गाणी प्रत्यक्ष वाद्यवृंदाच्या साथीने होत आणि प्रत्येक देश आपला संचालक सोबत आणत असे. बोस्नियाच्या गाण्यासाठी ती छडी आयरिश संचालक नोएल केलेहन यांनी हाती घेतली. केलेहन हे स्पर्धेतले अत्यंत अनुभवी नाव, आणि परक्याच्या गाण्याला त्यांनी दिलेली साथ ऐकली की अनुभव म्हणजे काय ते कळते. तंतुवाद्ये कुठेही गायकाच्या अंगावर येत नाहीत. मुखड्याला जिथे वाद्यवृंदाने पूर्ण जोर लावायचा तिथे तो लागतो, आणि पुढच्या ओळीला आवाज मोकळा सोडून बाजूला होतो. स्वतःच्या संचालकाशिवाय गाणाऱ्या गायकाला ताल सुटण्याची धास्ती असते. फाझलांच्या गाण्यात ती क्षणभरही ऐकू येत नाही. या सादरीकरणाचे श्रेय वाटायचे झाले तर केलेहन यांच्या वाट्याला त्यातला मोठा भाग गेला पाहिजे.

आता गाण्याविषयी. ‘स्वा बोल स्वियेता’, म्हणजे ‘जगाचे सारे दुःख’, या गाण्याचे संगीत डिनो मर्लिन या नावाने परिचित असलेल्या एदिन देर्विशहालिदोविच यांचे आणि शब्द फाहरुदिन पेत्सिकोझा यांचे. देर्विशहालिदोविच हे तेव्हाच मोठे नाव होते, आणि नव्या राष्ट्राच्या पहिल्या राष्ट्रगीताचे शब्दही त्यांनीच लिहिले होते. शीर्षक ऐकून श्रोत्याची अपेक्षा एका संथ, रडक्या गाण्याची होते. प्रत्यक्षात गाण्याला ठाम ठोका आहे, चाल चढत जाणारी आहे, आणि शब्दांचा रोख याचनेकडे वळत नाही. जगाचे सारे दुःख आज रात्री बोस्नियात आहे असे म्हणणारा नायक लगेच सांगतो की या दुःखाला आव्हान देण्यासाठी तो तिथेच राहणार आहे, भिंतीसमोर उभे राहायला तो घाबरत नाही, त्याला गाता येते आणि जिंकताही येते. युद्धाची छायाचित्रे पाहून हळहळणाऱ्या प्रेक्षकासमोर हे म्हणणे धाडसाचे होते. दया मिळवणे सोपे असताना कवीने ती मागितली नाही. गाण्याचा सगळ्यात मोठा गुण माझ्या मते हाच आहे, आणि तो शब्दांपुरता न राहता चालीतही उतरला आहे: दुःखाचा उल्लेख जिथे येतो तिथेच स्वर वर जातात आणि कोरस सामील होतो, त्यामुळे जे वाक्य कण्हत म्हणता आले असते ते येथे छाती पुढे काढून म्हटले जाते.

फाझलांचा आवाज फार रुंद पल्ल्याचा नाही, परंतु तो स्वच्छ आहे आणि त्यात किंचित खरखरीतपणा आहे. अंतऱ्यात ते शब्द जवळजवळ बोलल्यासारखे टाकतात, ज्यामुळे भाषा न समजणाऱ्यालाही कोणीतरी कोणाला तरी उद्देशून काही सांगत आहे एवढे समजते. मुखड्यात मात्र ते आवाज थोडा जास्त ताणतात असे मला वाटते. चेहऱ्यावर तणाव आहे, पण हातवारे आणि डोळे श्रोत्यांची दाद शोधत नाहीत. रंगमंचावरचे सहा जण आपण कोणत्या परिस्थितीतून आलो हे कुठल्याही खुणेने दाखवत नाहीत. त्या वर्षीच्या अनेक गायकांनी कॅमेऱ्याकडे पाहून केलेले लाडिक हसू यानंतर पाहवत नाही.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. स्पर्धेच्या नियमानुसार गाणे तीन मिनिटांत बसवावे लागते, आणि या गाण्याची रचना त्या मर्यादेत जरा कोंडलेली वाटते. दोन अंतऱ्यांनंतर जिथे चालीला वेगळे वळण मिळायला हवे होते तिथे रचनाकार पुन्हा मुखड्याकडेच धावतो, आणि शेवटच्या पुनरावृत्तीत तीच ओळ आणखी मोठ्या आवाजात म्हणण्यापलीकडे काही घडत नाही. वाद्यरचनेची जातकुळी 1980 च्या दशकातल्या युगोस्लाव्ह पॉप-रॉकची आहे. ती शैली ज्यांना मनापासून आवडते त्यांना हा दोष वाटणार नाही, पण 1993 च्या पंचांना ती जुनी वाटली असेल तर नवल नाही. बोस्नियाचा स्वतःचा असा जो गाण्याचा वारसा आहे, सेव्हदालिंकांचा, त्यातला लांब ओढलेला स्वर आणि त्यातली घालमेल या गाण्यात अगदी पुसट येते. ती जरा अधिक आली असती तर गाणे अधिक काळ टिकले असते. 2006 मध्ये बोस्नियाने अथेन्सला तिसरा क्रमांक मिळवला तेव्हा नेमका हाच वारसा कामी आला होता.

कार्यक्रमाची मांडणी देखणी आहे. सुमारे दीड हजार वस्तीच्या गावातल्या घोड्यांच्या स्पर्धांच्या बंदिस्त आखाड्यात, ग्रीन ग्लेन्स अरीनात, ही स्पर्धा झाली. आखाड्याचे मालक नोएल दुगन यांनी आयर्लंड 1992 ची स्पर्धा जिंकताच आपली जागा आयरिश दूरचित्रवाणीला विनामूल्य देऊ केली होती, आणि इतक्या लहान गावात ही स्पर्धा तोवर कधी झाली नव्हती. त्रिकोणी, खालून उजळणारा रंगमंच आजच्या पडद्यांच्या झगमगाटापुढे साधा वाटतो, पण त्या साधेपणाचा फायदा बोस्नियाच्या गाण्याला झाला. मागे चित्रे नाहीत, ज्वाळा नाहीत, भग्न इमारती दाखवण्याचा मोह नाही. माणसे आहेत आणि त्यांचा आवाज आहे. आजच्या स्पर्धेत असे गाणे आले असते तर पार्श्वभूमीच्या पडद्याने त्याचा सगळा अर्थ आधीच ओरडून सांगितला असता. दिग्दर्शनानेही संयम ठेवला आहे. इतर चोवीस गायकांना जशी चित्रचौकट मिळते तशीच फाझलांना मिळते, भावुक प्रेक्षकांचे चेहरे मध्येच घुसवलेले नाहीत. गाणे अठराव्या क्रमांकावर आले आणि त्यानंतर लगेच ब्रिटनची सोनिया नाचत आली. हा क्रम पाहणाऱ्याला विचित्र वाटतो खरा, पण मला तो योग्यच वाटतो. बोस्निया त्या यादीत इतरांसारखाच एक होता, आणि त्या संध्याकाळी त्याला हवे होते ते एवढेच.

त्याच संध्याकाळी पदार्पण केलेल्या दुसऱ्या दोन देशांची गाणी जोडीने ऐकावीत. स्लोव्हेनियाच्या गाण्यात एका शांत, पावसाळी दिवसाची मरगळ आहे. दहा दिवसांत युद्धातून बाहेर पडलेल्या देशाने युद्धाचे नावही न काढणे पसंत केले. गाणे नीटस आहे आणि ऐकताक्षणी विसरले जाते. क्रोएशियाच्या ‘पुत’ या गटाने सरळ शोकगीत गायले, इंग्रजी ध्रुवपदासह, आणि क्रोएशियाच्या आकाशाला रडू नकोस असे विनवले. त्यांचे सामुदायिक स्वर फाझलांच्या कोरसपेक्षा अधिक घोटीव आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही इंग्रजी ओळ घेतल्याने क्रोएशियाच्या गाण्याचा श्रोता निश्चित होतो, तो बाहेरचा आहे. बोस्नियाचे गाणे पूर्णपणे स्वतःच्या भाषेत असल्यामुळे आणि त्यातला ‘मी’ शहर सोडून न जाणारा असल्यामुळे, ते आधी घरच्यांसाठी गायलेले वाटते आणि बाहेरच्यांनी ते ऐकले तर ऐकावे अशी त्याची ऐट आहे. मी या दोहोंत बोस्नियाला वर ठेवीन. पंचांनी उलट ठरवले: क्रोएशिया 31 गुणांसह पंधरावा, बोस्निया 27 गुणांसह सोळावा आणि स्लोव्हेनिया 9 गुणांसह बाविसावा.

यानंतर मुद्रणातला तो भाग येतो ज्यासाठी हे परीक्षण लिहायला घेतले. 1993 पर्यंत प्रत्येक देशाचे गुण दूरध्वनीवरून सांगितले जात. प्रवक्त्यांचे चेहरे दाखवण्याची पद्धत पुढच्या वर्षी आली. निवेदिका फिनूला स्वीनी एकेका राजधानीशी बोलत जातात, आकडे इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये पुन्हा उच्चारतात, फलक पुढे सरकतो. हा भाग एरवी कंटाळवाणा असतो. सारायेव्होची पाळी आली की ध्वनीची जातच बदलते. खूप लांबून, खरखरीतून आणि तुटक प्रतिध्वनीतून एक माणसाचा आवाज येतो, आणि तो आवाज पोहोचला एवढ्यानेच सभागृह टाळ्यांनी भरून जाते. स्वीनी यांनी हा क्षण फार शहाणपणाने हाताळला आहे. त्या भाषण करत नाहीत, सहानुभूतीची वाक्ये जुळवत नाहीत, टाळ्या ओसरल्या की गुण विचारतात.

आणि सारायेव्हो गुण देते. एकपासून आठपर्यंत, मग दहा, मग बारा, असे 58 गुण, दहा देशांना, ठरलेल्या क्रमाने. माझ्या दृष्टीने त्या रात्रीचे पदार्पण येथे पूर्ण झाले. वर्षभर त्या शहराचा जगाशी संबंध एकाच प्रकारचा होता: ते मागत होते आणि इतर देश द्यायचे की नाही यावर विचार करत होते. अन्न, औषधे, मध्यस्थी, हस्तक्षेप, सगळ्यांची मागणी एकाच दिशेने जात होती. या काही मिनिटांत दिशा उलटली. वीज आणि पाणी नसलेल्या शहरातल्या पंचांनी ब्रिटनचे, फ्रान्सचे, जर्मनीचे गाणे ऐकून त्यावर आपले मत दिले, आणि त्या मताचे वजन लंडनच्या किंवा पॅरिसच्या मताइतकेच होते. संयुक्त राष्ट्रांतली जागा, राजदूत, ध्वज या सगळ्यांनी सार्वभौमत्व कागदावर येते. दुसऱ्याच्या कामाचे मूल्यमापन करण्याचा अधिकार बरोबरीने वापरता येणे ही त्याची अधिक रोजची आणि अधिक पटणारी खूण आहे. म्हणूनच गाण्याची तीन मिनिटे वेगळी काढून पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या हातून या पदार्पणाचा अर्धाअधिक भाग निसटतो.

सोळाव्या क्रमांकाबद्दल पुष्कळ खेद व्यक्त केला जातो. युरोपने जिथे टाळ्या दिल्या तिथे गुण का दिले नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्यात राजकारणावरचा रोष मिसळलेला असतो. मला स्वतःला हे गाणे दहाव्या-अकराव्या जागेचे वाटते. पण पंचांनी केवळ कणव म्हणून बोस्नियाला वर नेले असते तर ते बोस्नियाच्या गाण्यातल्या म्हणण्याच्याच विरुद्ध झाले असते. तुलनेसाठी पुढचे वर्ष पाहावे. 1994 मध्ये प्रथमच गाणाऱ्या एस्टोनियाला दोन गुण मिळून तो चोविसावा आला आणि लिथुआनियाला एकही गुण मिळाला नाही, म्हणजे तो पंचविसावा. नव्या देशाला सवलत द्यायची नाही ही या स्पर्धेची रीत होती, आणि त्या रीतीत 27 गुण ही कमावलेली रक्कम आहे. शिवाय खालच्या क्रमांकांना पुढच्या वर्षी वगळण्याचा नियम तेव्हा नव्यानेच आला होता. स्लोव्हेनिया त्यात गळाला, बोस्निया टिकला आणि 1994 मध्ये डब्लिनला पुन्हा गायला. त्या वेळी सिनान आलिमानोविच स्वतः वाद्यवृंदापुढे उभे होते.

विजेत्या गाण्याबद्दल थोडेच लिहितो. आयर्लंडच्या नीव कॅव्हना यांनी 187 गुणांनी स्पर्धा जिंकली, सोनिया 164 गुणांवर दुसऱ्या राहिल्या. माल्टाचा दूरध्वनी न लागल्याने त्यांचे गुण सर्वांत शेवटी घ्यावे लागले आणि त्यांचे 12 गुण आयर्लंडला गेले, त्यामुळे शेवट चांगलाच रंगतो. कॅव्हना यांचा आवाज त्या रात्रीचा सर्वोत्तम होता यात वाद नाही.

मुद्रणाच्या दर्जाविषयी: चित्र त्या काळच्या जवळजवळ चौकोनी आकाराचे आहे, रंग किंचित पसरलेले आहेत, परंतु ध्वनी चांगला आहे आणि वाद्यवृंद स्पष्ट ऐकू येतो. ऐकताना चांगले हेडफोन लावावेत. फाझलांच्या मागच्या तंतुवाद्यांचे काम फोनच्या ध्वनिवर्धकावर कळत नाही, आणि सारायेव्होच्या दूरध्वनीतली खरखर व तिच्यावर उमटलेला सभागृहाचा प्रतिसाद हेही त्यावर नीट वेगळे होत नाहीत. बोस्नियाचे गाणे स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर स्वतंत्रपणे पाहता येते, मात्र त्या तुकड्यात गुणदान अर्थातच नाही. शब्दांचा अर्थ कुठेही पडद्यावर येत नाही, म्हणून गाण्याचा इंग्रजी अनुवाद आधी वाचून घ्यावा. ज्यांना तीन तास देणे शक्य नाही त्यांनी सोळाव्या गाण्यापासून एकविसाव्यापर्यंतचा भाग सलग पाहावा, त्यात तिन्ही नवे देश येतात, आणि मग गुणदान पूर्ण पाहावे. सारायेव्होचा दूरध्वनी गाण्यांच्याच क्रमाने येतो, पण माल्टाचा मागे पडल्यामुळे तो सतरावा ठरतो. तो शोधत पुढे उडी मारू नये. आधीच्या सोळा राजधान्यांचे स्वच्छ, सराईत आवाज ऐकलेले असले तरच त्या आवाजातला फरक कानाला पूर्णपणे जाणवतो.

बोस्नियाने 2016 नंतर या स्पर्धेत भाग घेतलेला नाही. त्यांच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर मोठे कर्ज आहे आणि युरोपीय प्रक्षेपण संघाची देणीही त्यात आहेत. डिनो मर्लिन यांनी पुढे 1999 मध्ये आणि 2011 मध्ये स्वतः गाऊन देशाला सातवा आणि सहावा क्रमांक मिळवून दिला. त्या दोन्ही सादरीकरणांत रचना अधिक सुबक आहे, साथ अधिक मोकळी आहे, आणि मिलस्ट्रीटच्या गाण्यात जो मधला भाग अपुरा वाटतो तो कसा भरता आला असता याचे उत्तरही तिथे सापडते. संगीत म्हणून निवड करायची झाली तर मी 1999 चे गाणे आधी सुचवीन. पदार्पण म्हणून मात्र 1993 चे मुद्रण संपूर्ण पाहावे. पाचपैकी गाण्याला साडेतीन, केलेहन यांच्या संचालनाला साडेचार आणि गुणदानाच्या भागाला पूर्ण पाच असे गुण मी देईन.